संगणकीय खेळांतील स्मृतिमर्यादा व मॉड

संगणकीय खेळांतील स्मृतिमर्यादा व मॉड : वैयक्तिक संगणकावर खेळ चालू असताना त्याची आज्ञावली, चित्रे, ध्वनी आणि खेळातील जगाची क्षणोक्षणी बदलणारी स्थिती ही सर्व संगणकाच्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे व्यवहारात जिला मेमरी किंवा रॅम म्हणतात तीत, ठेवावी लागतात. या स्मृतीपैकी किती भाग खेळाला प्रत्यक्ष वापरता येतो यावरील बंधनास स्मृतिमर्यादा म्हणतात. खेळाच्या मूळ निर्मात्यांखेरीज इतरांनी, बहुधा हौशी खेळाडूंनी, त्यात घातलेली भर किंवा केलेले फेरफार यांस ‘मॉड’ ही संज्ञा रूढ आहे. या दोन गोष्टींचा इतिहास एकमेकींत गुंतलेला आहे. निर्माता आपला खेळ एका ठरावीक आकारमानाचा धरून बांधतो व त्या आकारमानास पुरतील एवढ्याच मर्यादा आखतो. त्या पुष्कळदा कोणाच्या नजरेसही येत नाहीत. मॉडमुळे खेळाचा आकार वाढतो, तेव्हा त्या उघड्या पडतात आणि पुष्कळदा त्या ओलांडण्याची रीतही निर्मात्यांच्या आधी खेळाडूंनीच शोधून काढलेली आढळते.

संगणकात स्मृती किती बसविली आहे आणि खेळाला ती किती पोहोचते, या भिन्न गोष्टी होत. स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक अंकरूप पत्ता असतो व तो पत्ता लिहिण्यास ठरावीक बिटांचीच जागा असते. ज्या गावात घरक्रमांक तीनच अंकी लिहिण्याचा नियम आहे, तेथे हजारावे घर बांधता येईल. परंतु त्या घरी पत्र पोहोचणार नाही. पत्त्याच्या लांबीमुळे पडणारी ही पहिली मर्यादा होय. उपलब्ध पत्त्यांपैकी काही प्रचालन प्रणाली स्वतःसाठी राखून ठेवते, ही दुसरी. तिसरी मर्यादा खेळाच्या आज्ञावलीतच असते : एका वेळी अमुक इतक्याच वस्तू, इतकेच पृष्ठभाग, इतक्याच फाइली, असे आकडे तिच्यात कायमचे लिहिलेले असतात. पहिल्या दोन मर्यादांचा बोलबाला अधिक झाला असला, तरी खेळाडूंना सर्वांत जास्त छळले ते या तिसऱ्या प्रकाराने.

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातील इंटेल ८०८८ या सूक्ष्मप्रक्रियकाला २० पत्तावाहिन्या होत्या. त्यामुळे तो १०,४८,५७६ बाइट, म्हणजे १ मेगॅबाइट स्मृतीपर्यंतच पोहोचू शके. त्यातील वरचे ३८४ किलोबाइट पडद्यावरील चित्राची स्मृती, जोडकार्डे व कायम स्मृती यांसाठी राखून ठेवण्यात आले. आज्ञावल्यांच्या वाट्यास उरले ६४० किलोबाइट. मूळ यंत्राच्या मुख्य फलकावर १६ ते ६४ किलोबाइटच स्मृती असे, हे ध्यानात घेता ही वाटणी त्या वेळी उदारच म्हटली पाहिजे. एवढी स्मृती कोणालाही पुरेल, असे उद्‌गार बिल गेट्स यांनी काढल्याचे सांगितले जाते; आपण तसे कधीच म्हटले नाही, असे त्यांनी स्वतः स्पष्ट केले आहे.

यंत्रे लवकरच पुढे गेली. इंटेल ८०२८६ (१९८२) हा प्रक्रियक १६ मेगॅबाइटपर्यंत, तर ८०३८६ (१९८५) हा ४ गिगॅबाइटपर्यंत पोहोचू शकत होता. परंतु एमएस-डॉस ही प्रचालन प्रणाली व तिच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या ८०८८ च्याच रीतीने चालत राहिल्या. लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९८५ मध्ये एक तोडगा मान्य केला. त्यानुसार राखीव प्रदेशात ६४ किलोबाइटची एक ‘खिडकी’ ठेवून तिच्यातून बाहेरच्या मोठ्या स्मृतीचे तुकडे आळीपाळीने दिसतील अशी व्यवस्था झाली. यास विस्तारित स्मृती किंवा ईएमएस म्हणतात. १ मेगॅबाइटच्या वरच्या स्मृतीचा नियमबद्ध वापर करू देणारे एक्सएमएस हे दुसरे मानक १९८८ मध्ये आले. मूळचे ६४० किलोबाइट मात्र तसेच राहिले आणि माउस, सीडी-रॉम व ध्वनिकार्ड यांच्या चालक आज्ञावल्या त्यांतच दाटीवाटीने राहू लागल्या.

१९९० च्या सुमारास खेळ विकत आणणाऱ्या मनुष्याला या दाटीचा अनुभव पहिल्याच दिवशी येई. संगणकात ४ मेगॅबाइट स्मृती असूनही पुरेशी स्मृती नसल्याची सूचना पडद्यावर झळके, कारण खेळाला हव्या असलेल्या मूळ ६४० पैकी सुमारे ६०० किलोबाइट मोकळे नसत. मग ‘कॉन्फिग.सिस’ व ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन आरंभीच्या फाइलींतील ओळींचा क्रम बदलणे, एखादा चालक वरच्या प्रदेशात हलविणे, एखादा अजिबात गाळणे, असे प्रयोग सुरू होत. एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीने (१९९१) प्रणालीचा स्वतःचा बराच भाग वर हलविण्याची सोय केली आणि सहाव्या आवृत्तीत (१९९३) ही मांडणी आपोआप करणारी ‘मेममेकर’ ही आज्ञावली आली. तरीही खेळाखेळांची भांडणे मिटली नाहीत. ओरिजिन कंपनीच्या ‘अल्टिमा ७’ (१९९२) या खेळात स्मृती वापरण्याची स्वतःचीच एक पद्धत होती व ती विस्तारित स्मृतीच्या व्यवस्थापकाशी मुळीच जुळत नसे. तर दुसऱ्या अनेक खेळांना तोच व्यवस्थापक अत्यावश्यक असे. म्हणून एकाच घरात प्रत्येक खेळाची वेगळी आरंभ-फ्लॉपी तयार करून ठेवण्याची पद्धत पडली. संगणकाचे अंतरंग समजून घेण्याचा पहिला धडा पुष्कळांनी अशा फ्लॉपी बनविता बनविताच गिरविला.

इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘डूम’ हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला आणि ६४० किलोबाइटची अडचण त्याने बगल देऊन सोडविली. ‘डॉस/४जीडब्ल्यू’ या विस्तारक आज्ञावलीच्या साहाय्याने तो प्रक्रियकास ३२-बिट अवस्थेत नेई व ४ मेगॅबाइट स्मृती सलग वापरी. मॉडच्या इतिहासात डूमला मानाचे स्थान आहे ते आणखी एका कारणाने. त्याचे नकाशे, चित्रे व ध्वनी मुख्य आज्ञावलीपासून अलग, ‘वॅड’ नावाच्या फाइलीत ठेवलेले होते. मूळ खेळास धक्का न लावता आपली वेगळी फाइल त्याला जोडता येई. ही रचना जॉन कारमॅक यांनी जाणूनबुजून केली होती, कारण कंपनीच्या आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ (१९९२) या खेळात खेळाडूंनी आपल्या हिकमतीने फेरफार केल्याचे त्यांनी पाहिले होते. डूम येऊन काही आठवडे लोटतात तोच खेळाडूंनी तयार केलेली नकाशे बनविण्याची साधने हाती आली आणि हजारो हौशी नकाशाकार कामास लागले.

येथेच तिसऱ्या प्रकारच्या मर्यादेचे पूर्ण दर्शन घडले. डूमची आज्ञावली एका दृश्यात दिसणारी जमीन व छत यांची विभागणी सारखी उंची, सारखा प्रकाश व सारखे चित्र यांवरून गटांत करते. अशा गटांसाठी तिच्यात १२८ जागा राखलेल्या होत्या. एखाद्या प्रशस्त दालनात १२९ वा गट दृष्टीस पडला की खेळ तत्क्षणी बंद पडून खेळाडू डॉसच्या काळ्या पडद्यावर येई. भिंतींच्या दृश्य तुकड्यांसाठी २५६ जागा होत्या. खेळाची स्थिती जतन करण्यास सुमारे १८० हजार बाइटांची जागा ठेवलेली होती व मोठ्या नकाशावर ती भरली की जतन करताकरताच खेळ कोसळे. यंत्रात स्मृती दुप्पट घातली तरी यांतील एकही आकडा हलत नसे. मूळ नकाशांच्या कर्त्यांना हे आकडे ठाऊक होते व ते त्यांच्या आत राहून काम करीत. हौशी कर्त्यांना मात्र ते खेळ कोसळल्यावरच कळत. कोणत्या जागी उभे राहून कोणत्या दिशेस पाहिले असता किती गट दिसतात, हे मोजणारी साधने त्यांनी पुढे स्वतःच तयार केली.

डिसेंबर १९९७ मध्ये इड सॉफ्टवेअरने डूमच्या आज्ञावलीचा मूळ पाठ सर्वांस खुला केला. १९९८ मध्ये टीम टीएनटी या हौशी गटाने ‘बूम’ ही सुधारित आवृत्ती सिद्ध केली व तीत हे ठोकळ आकडे काढून टाकून गरजेप्रमाणे वाढणारी जागा योजली. दुरुस्ती फारशी अवघड नव्हती. अडचण होती ती पाठ हाती नसण्याची.

विंडोजच्या ३२-बिट आवृत्त्यांत पत्त्यांची एकूण व्याप्ती ४ गिगॅबाइट होती. त्यातील निम्मी प्रचालन प्रणालीकडे व निम्मी, म्हणजे २ गिगॅबाइट, प्रत्येक आज्ञावलीकडे अशी वाटणी करण्यात आली. यापेक्षा मोठे पत्ते आपल्याला पेलतात असे सांगणारे एक बिटाचे चिन्ह आज्ञावलीच्या शीर्षभागात ठेवता येत असे. ते चिन्ह असल्यास ६४-बिट विंडोजवर ३२-बिट आज्ञावलीला जवळजवळ पूर्ण ४ गिगॅबाइट मिळत. ही परवानगी सरसकट न देण्यामागे सबळ कारण होते : काही आज्ञावल्यांनी पत्त्यातील सर्वांत वरचे बिट नेहमी शून्यच असणार असे गृहीत धरून ते दुसऱ्याच कामास लावले होते.

बेथेस्डा कंपनीचा ‘स्कायरिम’ हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. या मर्यादेचा व मॉडचा संबंध समजण्यास त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. या मालिकेतील ‘मॉरोविंड’ (२००२) या खेळाबरोबरच कंपनीने जग रचण्याचे साधन दिले होते व तेव्हापासून तिचे खेळ म्हणजे मॉडकारांचे हक्काचे अंगण बनले. स्कायरिमला त्या वेळच्या खेळयंत्रांवरही चालावयाचे होते आणि त्यांतील एक्सबॉक्स ३६० या यंत्रात एकूण स्मृती ५१२ मेगॅबाइट होती. वैयक्तिक संगणकावरील आवृत्ती त्याच मापाने बेतलेली असल्याने तीत वरील चिन्ह नव्हते. खेळाडूंनी थोड्याच दिवसांत ते बाहेरून लावण्याची युक्ती काढली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेल्या अधिकृत दुरुस्तीत कंपनीने ते स्वतः लावले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉड रचण्याचे अधिकृत साधन हाती येताच मॉडचा ओघ सुरू झाला. दगड, झाडे, वस्त्रे यांच्या पृष्ठभागांवर चढवावयाची मोठी चित्रे, नवी गावे, नवी माणसे यांनी खेळ फुगत गेला आणि चार गिगॅबाइटही अपुरे पडू लागले. यास आणखी एक छुपे कारण होते. खेळाने वापरलेल्या डायरेक्ट-एक्स ९ या चित्रव्यवस्थेच्या पद्धतीनुसार ग्राफिक्स कार्डावर गेलेल्या चित्रांची एक प्रत मुख्य स्मृतीतही राही. म्हणजे चित्रे जितकी मोठी, तितका चार गिगॅबाइटांतील वाटा मोठा. बोरिस व्होरोन्त्सोव्ह यांच्या ‘ईएनबी’ या दृश्यसुधारक साधनात सुमारे २०१३–१४ मध्ये यावर अत्यंत कल्पक उपाय योजण्यात आला. चित्रांच्या त्या प्रती खेळाच्या बाहेर, एका वेगळ्या साहाय्यक आज्ञावलीच्या स्मृतीत ठेवण्यात आल्या. प्रत्येक आज्ञावलीला चार गिगॅबाइट ही मर्यादा असेल, तर बिऱ्हाडाला दुसरी खोली घ्यावी, असा हा हिशेब होता.

इतके करूनही खेळ कोसळत राहिला. मोकळी स्मृती शिल्लक असताना, गावाच्या वेशीवर किंवा एखाद्या दारातून आत जाताना, तो काही न सांगता नाहीसा होई. शंभर तासांचा जतन केलेला खेळ अशा रीतीने निरुपयोगी झालेले खेळाडू थोडे नव्हते. दोष कोणाचा, याविषयी दोन वर्षे तर्क लढविले गेले आणि पुष्कळदा निरपराध मॉडवर ठपका आला. २०१४ च्या आरंभी एका मॉडकाराने चालू खेळाची स्मृती तपासून खरे कारण दाखवून दिले. खेळ सुरू होताना आपल्या जगासाठी २५६ मेगॅबाइटचा एक गट घेई. तो भरल्यावर पुढील गट घेण्याची तरतूद होती, परंतु त्या टप्प्यावर खेळ अडखळे व बंद पडे. मूळ खेळाला हा पहिला गट सहसा पुरे, म्हणून चाचण्यांत हे उघडकीस आले नसावे. पहिलाच गट दुप्पट मोठा घेण्याची दुरुस्ती त्या मॉडकाराने दिली व त्याच वर्षी ती ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या सर्वमान्य साधनात सामावून घेण्यात आली. मुख्य अडथळा चार गिगॅबाइटचा नसून त्याच्या सोळाव्या हिश्शाचा होता, हे यावरून दिसून आले. मूळ पाठ हाती नसताना, निव्वळ निरीक्षणाने लागलेला हा शोध डूमच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कठीण म्हटला पाहिजे. आणि त्याचे मोल कोणी दिले नाही. मॉड विकत देण्याची जी योजना एप्रिल २०१५ मध्ये स्कायरिमसाठी सुरू झाली, ती खेळाडूंच्या विरोधामुळे काही दिवसांतच मागे घेण्यात आली.

याच खेळातील एक मर्यादा स्मृतीची नसून निव्वळ क्रमांकलेखनाची होती. खेळातील प्रत्येक वस्तूस आठ षोडशमान अंकांचा क्रमांक असतो व त्यातील पहिले दोन अंक ती वस्तू कोणत्या फाइलीतून आली ते सांगतात. दोन अंकांत २५६ आकडे मावतात; त्यातील एक जतन केलेल्या खेळासाठी राखीव. त्यामुळे मूळ खेळाच्या फाइली धरून २५५ फाइलींवर कोणासही जाता येत नसे. अनेक मॉड एकत्र सांधून एकच फाइल करणे हा मॉडकारांचा नित्य उद्योग होऊन बसला. २०१७ मध्ये कंपनीने लहान फाइलींचा नवा प्रकार आणून एकाच पूर्वांकाखाली ४,०९६ फाइलींना जागा दिली. त्यांतील प्रत्येकीत नव्या नोंदी मात्र आरंभी २,०४८ च घालता येत.

वेग वाढविण्याच्या युक्त्यांचे स्वतंत्र असे एक लोकसाहित्यच तयार झाले आहे व त्यातील बरेच विश्वसनीय नाही. खेळाच्या मांडणी-फाइलीत खेळाडूभोवती जगाचे किती चौकोन पूर्ण तपशिलाने भरावयाचे ते सांगणारी एक ओळ असते. स्कायरिममध्ये तिचे मूल्य ५, म्हणजे २५ चौकोन. ते ७ केल्यास ४९ व ९ केल्यास ८१ होतात. दूरवरचे दृश्य सुंदर दिसे म्हणून अनेकांनी हा आकडा वाढविला. परंतु दूरच्या गावांतील प्रसंगही त्यामुळे अवेळी सुरू होत, स्मृतीवरील भार तिपटीहून अधिक होई व वाढीव आकड्यावर जतन केलेला खेळ पुन्हा मूळ आकड्यावर उघडताना कोसळे. अशा ओळींच्या याद्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिल्या. काही ओळी तर खेळाची आज्ञावली वाचतही नव्हती. त्या घातल्यावर खेळ सुधारला असे मात्र अनेकांस मनापासून वाटे. या श्रद्धेचा व्यापारही झालेला आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाची, स्मृती दुप्पट करण्याचे आश्वासन देणारी आज्ञावली मोठ्या प्रमाणावर विकली गेली. तपासणीत ती विंडोज ९५ वर तसे काहीच करीत नसल्याचे आढळून आले व तेथील संघीय व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली.

अधिक स्मृती म्हणजे अधिक वेग, हा समजही सर्वत्र खरा ठरत नाही. ‘माइनक्राफ्ट’ (पूर्ण आवृत्ती २०११) हा खेळ जावा भाषेत लिहिलेला असून त्याने किती स्मृती घ्यावी ते आरंभीच्या एका सूचनेने ठरते. त्याच्या आरंभक आज्ञावलीत ही मर्यादा मूळ खेळापुरती १ व पुढे २ गिगॅबाइट होती. शेकडो मॉड घातल्यास ती वाढवावी लागते. परंतु जावामध्ये निरुपयोगी झालेल्या वस्तू स्मृतीतून काढण्याची झाडलोट मधूनमधून चालते. गरजेहून फार मोठी जागा दिल्यास कचरा साठत राहतो व जुन्या पद्धतींत एकदमच मोठी झाडलोट होऊन खेळ क्षणभर थिजतो. येथे योग्य आकडा सर्वांत मोठा नसून पुरेसा असतो.

स्कायरिमची ६४-बिट ‘विशेष आवृत्ती’ २८ ऑक्टोबर २०१६ रोजी निघाली. ६४-बिट विंडोजवर अशा आज्ञावलीस मिळणारी पत्त्यांची व्याप्ती १२८ टेराबाइटपर्यंत जाते. त्यामुळे चार गिगॅबाइटची अडचण समूळ नाहीशी झाली. मात्र जुन्या आवृत्तीवर उभारलेले सर्व दुरुस्तीकामही त्याबरोबर निरुपयोगी ठरले. स्क्रिप्ट एक्स्टेंडरची नवी रचना वापरण्याजोगी होण्यास जवळजवळ एक वर्ष लागले. तोवर अनेकांनी अपुऱ्या स्मृतीची जुनी आवृत्तीच पसंत केली, कारण त्यांचे मॉड तिच्यावर चालत होते. ज्या मॉडचे कर्ते दरम्यान हे क्षेत्र सोडून गेले होते, त्यांपैकी अनेक नव्या आवृत्तीत आलेच नाहीत.

डूमच्या बाबतीत उलट चित्र दिसते. मर्यादा काढून टाकलेल्या अनेक आवृत्त्या मोफत मिळत असताना ‘चॉकोलेट डूम’ ही २००५ पासूनची आवृत्ती १२८ गटांची मर्यादा व खेळाचे कोसळणेसुद्धा मूळ बरहुकूम जपते. मूळ आकड्यांच्या आत राहून नकाशे रचणारा एक वर्ग आजही टिकून आहे. आपला नकाशा १९९३ च्या आज्ञावलीवर चालतो, की मर्यादामुक्त आवृत्तीच लागते, हे कर्त्याने नकाशासोबतच्या मजकुरात नमूद करण्याचा त्या वर्तुळात प्रघात आहे.